जर्मनच्या पातेल्यातला पाऊस: पाणीपुरवठा मंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री साहेब,

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. म्हणजे टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर) टाकणारा, विहिरीचं नि हातपंपाचं पाणी बाटलीत भरून लॅबला नेऊन देणारा, आणि नळाला गढूळ पाणी आलं की ज्याच्या दारात बाया पहिल्यांदा कळशी आपटतात तो माणूस. हे पत्र मात्र नळाचं नाही, पावसाचं आहे.

झालं असं, मागच्या पावसाळ्यात गावातल्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ बघितले, विमानं आभाळात जी पांढरी रेघ मारत जातात तो धूर नाही, विष आहे, त्यात अल्युमिनियम आणि बेरियम असतं आणि ते पावसातून आपल्या पोटात जातं म्हणे. पोरगं हुशार आहे, नुसतं फॉरवर्ड करून गप्प नाही बसलं, म्हणलं आपण टेस्टच करू. पत्र्याच्या पन्हळीखाली पातेलं लावलं, दोन दिवस ठेवलं, पाणी खाजगी लॅबला पाठवलं, स्वतःच्या खिशातले पैसे भरले. रिपोर्ट आला, अल्युमिनियम लिमिटच्या वर. झालं, ग्रुपवर फोटो, लाल गोल करून. एकानं पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवायला जोडलेला पुनर्भरणाचा पाईप काढून टाकला, पुरुषभर खड्डा खणून दगडगोटे भरून केलेलं काम, एका फोटोवर बंद.

मी पोराच्या घरी गेलो आणि म्हणलं कुठलं पातेलं लावलं होतंस ते दाखव. त्याच्या आईनं आणून दिलं. जर्मनचं होतं साहेब. आता जर्मन म्हणजे अल्युमिनियमच की! आतून चिंच-आमटीनं खाऊन खडबडीत झालेलं, तळाला बोटभर काळा गाळ. अल्युमिनियमच्या भांड्यात पाणी धरून अल्युमिनियम शोधायचं म्हणजे साखरेच्या डब्यात मुंग्या कुठून आल्या विचारण्यासारखं आहे. पोरगं ओशाळलं. पण मी त्याला हसलो नाही, कारण भांडं स्टीलचं असतं तरी रिपोर्ट फार वेगळा आला नसता, आणि हीच गोष्ट गावाला समजावता समजावता माझी दमछाक झाली म्हणून तुम्हाला लिहितोय.

माती म्हणजेच बरंच अल्युमिनियम. पृथ्वीच्या कवचात वजनानं ८ टक्क्यांच्या आसपास अल्युमिनियम आहे, ऑक्सिजन आणि सिलिकॉननंतर तिसरा नंबर. आमची काळी जमीन ज्या काळ्या दगडाची झाली त्यातही साधारण ७-८ टक्के. आता हिशोब करा, एका लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम फुपाटा पडला, म्हणजे मिठाच्या चिमटीच्या तिसाव्या भागाएवढा, पटकन डोळ्यात भरणारही नाही. त्यात ०.८ मिलिग्रॅम अल्युमिनियम आलं. लॅबवाले पाण्यात ॲसिड घालतात, त्यात त्यातलं निम्मंच विरघळलं धरा, तरी ०.४. आणि पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, काय म्हणतं, लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा सोर्सच नसेल तर ०.२ पर्यंत चालेल. म्हणजे चिमूटभर सुद्धा नाही एवढ्या धुळीनं पाणी लिमिटच्या दुप्पट. मग दोन दिवस उघड्या पातेल्यात, तेही पत्र्यावरनं वाहून आलेल्या पाण्यात, सापडणार नाही तर काय? विमान लागतंच कशाला त्याला, रस्त्यावरनं गेलेला उसाचा ट्रॅक्टर पुरेसा आहे.

धूळ की विमान हे ओळखायचं सोपं आहे. मातीतून आलं असेल तर अल्युमिनियम एकटं येत नाही, आमच्याकडच्या मातीत लोखंडही जवळपास तेवढंच असतं, शिवाय कॅल्शियम, सिलिकॉन, टायटॅनियम, सगळं वऱ्हाड सोबत येतं. वरून कुणी मुद्दाम अल्युमिनियम शिंपडलं असतं तर ते एकटंच वाढलेलं दिसलं असतं. पण व्हिडिओतल्या रिपोर्टांमध्ये लोखंडाची ओळ दाखवतच नाहीत, नाहीतर टेस्टच केलेली नसते. बेरियमचंही तसंच, तेही मातीत थोडं असतंच, आणि दिवाळीच्या टायमाला अवकाळी आला तर फटाक्यातलं, हिरवा रंग बेरियमचाच असतो, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये फटाक्यात बेरियम वापरायला मनाई केली तरी. पाणी द्राक्षबागेशेजारी धरलं तर मोरचुदातलं तांबं, गंजक्या पत्र्याखाली धरलं तर जस्त.

आणि आकडा वाचायची तऱ्हा तर विचारूच नका. हे खूळ जिथून आलं त्या अमेरिकेत २००७ साली लुइझियानातल्या एका टीव्ही चॅनेलनं बातमी केली, एका माणसानं घराबाहेर भांड्यात धरलेल्या पाण्यात बेरियम विषारी पातळीच्या तिप्पट. नंतर कळलं की रिपोर्टवर लिटरमागे ६८.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०६८८ मिलिग्रॅम, होतं आणि वाचणाऱ्यानं ते ६.८ मिलिग्रॅम केलं, शंभर पटीची चूक. खरा आकडा आपल्या ०.७ मिलिग्रॅमच्या लिमिटच्या दहाव्या भागाएवढा. बातमी मात्र अजून फिरतेय, दुरुस्ती कुणाला माहीत नाही. २०१६ मध्ये तिकडच्या शास्त्रज्ञांनी हवेचा आणि धुळीचा अभ्यास करणाऱ्या ७७ तज्ज्ञांना फोटो आणि असलेच रिपोर्ट दाखवून विचारलं, ७६ जण म्हणाले छुप्या फवारणीचा काही पुरावा दिसत नाही.

रेघेचं तर मी पोरांना असं सांगतो, थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते ना तेच ते. १ किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफ होते, वर १०-११ किलोमीटरला उणे ४० च्या आसपास किंवा त्याहून खाली तापमान, वाफेचा लगेच बर्फ. हवा कोरडी असेल तर रेघ विमानामागं लगेच पुसते, ओली असेल तर तास तास टिकते नि पसरते. आणि गंमत बघा, आमच्याकडं ही रेघ दिसते हिवाळ्यात, निरभ्र आभाळात. पावसाळ्यात खालीच ढग भरलेले, वरचं दिसतंय कुणाला! शिवाय पावसाळ्यात त्या उंचीवर वारं पूर्वेकडून अरबी समुद्राकडं जोरात वाहतं, तिथं सोडलेली बारीक भुकटी आमच्याच शिवारात पडायला ती काय कुरिअरनं येते?

इथपर्यंत पटतं लोकांना. पण मग एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "आरं पर इमान आलतं की, मी बघितलंय." आणि ते खोटं नव्हतं साहेब! २०१८ आणि २०१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या केंद्र सरकारच्या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूरच्या आभाळात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता, लहान विमानानं ढगाच्या पोटाखाली जाऊन कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या जाळल्या. २७६ ढगांचा अभ्यास झाला, ठराविक भागात सरासरी १८ टक्के पाऊस वाढल्याचं त्यांनी २०२३ मध्ये छापलं. राज्य सरकारनं पण २००३, २०१५, २०१९ ला पाऊस पाडायची मोहीम काढली. म्हणजे आमच्या माणसानं खरंच विमान बघितलं, त्यातून खरंच काहीतरी सोडलं गेलं, पण का, काय, किती, हे गावात येऊन कुणी सांगितलं नाही. ज्याला पाऊस झाला नाही तो म्हणतो ढग पळवले, ज्याचं रान वाहून गेलं तो म्हणतो जास्त पाडला. अफवा काय हवेत उगवत नाही, तिला आपणच वाफसा आणून देतो.

म्हणून मीच शहाणपणा केला. प्लॅस्टिकची बाटली तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, गच्चीवर मधोमध उंच स्टूलवर ठेवली, पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं झाकण काढलं, पाऊस थांबायच्या आत लावलं. दुसरी बाटली नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची, तुलनेला. दोन्ही घेऊन सरकारी लॅबला गेलो. खिडकीवरच्या ताईंनी फॉर्म बघितला, विहीर आहे, बोअर आहे, नळ आहे, टँकर आहे, पाऊस नाही. म्हणाल्या, "दादा, सोर्स काय लिहू?" मी म्हणलं आभाळ लिहा. त्या हसल्या, पण बाटली काही घेतली नाही. फॉर्मात नाही ते त्या तरी कशा घेणार, त्यांच्यावर राग नाही माझा.

तर साहेब, मागणी मोठी नाही. पावसाळ्यात जिल्ह्यातल्या चार-पाच गावांतून नीट धरलेले पावसाचे नमुने तुमच्या लॅबमध्ये घ्या, धातू तपासायची मशीन जिथं असेल तिथं पाठवा, आणि रिपोर्टवर अल्युमिनियमशेजारी लोखंडाचा आकडा, तुलनेच्या बाटलीचा आकडा आणि नमुना कुठल्या भांड्यात कसा धरला हे छापा. मराठीत छापा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. हवामान खातं पुण्यात आणि नागपुरात पावसाच्या पाण्याची रासायनिक तपासणी कित्येक वर्षं करतंय, ते आकडेही त्याच फळ्यावर येऊ द्या. आणि परत कधी ढगात नळकांडी जाळायची ठरली तर आधी दवंडी द्या, तारीख, विमान, काय जाळणार, किती जाळणार. काही जास्त निघालंच तर तेही लावा, झाकू नका, गावाला फ्लोराईडचा हातपंप लाल रंगानं रंगवलेला चालतो, खरा आकडा पण चालेल.

पातेलं पोराच्या आईनं परत चुलीवर चढवलंय. पोरगं आता माझ्याबरोबर नमुने घ्यायला येतं, यंदा त्यानं स्वतः चार बाटल्या धुऊन, लेबल लावून ठेवल्यात. सोर्सच्या जागी काय लिहायचं तेवढं कळवा.

आपला,
एक जलसुरक्षक, जि. सोलापूर