गाठीत झाड असतं साहेब : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना कोल्हापुरातनं खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

आमचे आण्णा सुतार. शिवाजी पेठेत दारं-चौकटी करण्यात त्यांची हयात गेली आणि फळीत गाठ निघाली की ते फळी बाजूला टाकायचे, कारण गाठीवर रंधा अडतो, पटाशीची धार जाते. मी पण तेच शिकलो, गाठ म्हणजे खोट.

मग कधीतरी इटलीच्या ज्युसेप्पे पेनोने या शिल्पकाराचं काम फोटोत बघितलं आणि दोन दिवस डोक्यातनं जाईना. हा माणूस 1969 पासून वखारीत मिळते तसली चौकोनी तुळई घेतो, टोकाला दिसणाऱ्या, वर्षाला एक वाढणाऱ्या वर्तुळांतलं एक वर्तुळ धरतो आणि त्याच्या बाहेरचं लाकूड काढत काढत तुळईभर त्याच वर्तुळाच्या मागनं जातो. गाठ आली की तिला तोडत नाही, ती ठेवून भोवतीचं कोरतो, कारण गाठ म्हणजे झाड लहान असताना फुटलेली फांदी, पुढं बुंधा जाड होत गेला आणि ती आत गाडली गेली. शेवटी तुळईतनं एक बारकं झाड बाहेर येतं, फांद्यांच्या खुंटांसकट, त्या वयात ते जसं होतं तसं. असलं 12 मीटरचं एक झाड लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे. आण्णांनी टाकलेल्या त्या सगळ्या गाठी मला आठवल्या, खरंच वाईट वाटलं.

आपल्याकडं हे का होऊ नये? सागाला वर्तुळं स्वच्छ धरतात, उन्हाळ्यात पानं झडून वाढ थांबते आणि परत सुरू झाली की मोठ्या छिद्रांची नवी ओळ दिसते. वडा-पिंपळात एवढं सोपं नाही, पण साग चालेल. आणि माणसं म्हणाल तर कोल्हापूर कलानगरी आहे, बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्रीच की, त्यांनी घरचा कॅमेरा बनवून सिनेमा काढला. अजून इथं पटाशी धरणारे हात आहेत, पण त्यांच्याकडं येतं ते प्लायवूड, ज्यात झाड शोधून सापडत नाही.

राज्याच्या शहरी झाडं जतन कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं जातं, चांगलंच झालं. पण झाड पडल्यावर त्याचं वय कोण बघतो? मागं आमच्या गल्लीतलं जुनं झाड वादळात पडलं, संध्याकाळपर्यंत तुकडे करून ट्रॉली गेली पण, जळणाला. मी फक्त बुंध्याची एक चकती मागून घेतली, ती अजून दारात ठेवलीय, पोरं बोट ठेवून वर्तुळं मोजत बसतात.

मागणी एवढीच. पडलेल्या झाडांचे लांब, न तोडलेले ओंडके राखून ठेवायचा आदेश काढा आणि कोल्हापुरात सुतार आणि आर्टची पोरं यांचं एकत्र शिबिर घ्या, नुसते शिल्पकार नकोत, सुतार पाहिजेतच. जे काम होईल ते टाऊन हॉलच्या बागेत, जिवंत झाडांच्या शेजारी उभं करा. आणि वळवाच्या आधी ठरवा साहेब, त्या पावसात झाडं पडायला लागली की ओंडका दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

आपला,
पेठेतला एक सुतार