चि. भैय्यास, लॅपटॉपबद्दल

फैजपूर, रविवार रात्र

चि. भैय्यास अनेक आशीर्वाद,

दुपारी फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. 'सव्वीस वर्षांचा घोडा झाला, अजून खेळणं पाहिजे' म्हणालो आणि तू 'बरं आप्पा' म्हणून फोन ठेवलास. पैसे तर तू मागितलेच नव्हते, गेमिंग लॅपटॉप कोणता घेऊ एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. कळण्याची भाकरी समोर आदळली, ठेचा मागितला तर म्हणे डब्यात आहे, घ्या.

पण पत्र त्यासाठी नाही. ताई आत्ता सांगून गेली की तुझ्या जुन्या लॅपटॉपचं टचपॅड वर आलंय, झाकण मिटत नाही, आणि तरी रोज रात्री तू तो गादीवर चार्जिंगला लावून झोपतोस. भैय्या, टचपॅडला काही झालेलं नाही. खालची बॅटरी फुगलीय, आत गॅस धरलाय. तो आजपासून चार्जिंगला लावायचा नाही. दाबून बसवायचा नाही, टाचणी लावून हवा काढायची तर मुळीच नाही. नव्याचं पुढे लिहितो, आधी हे.

आता नवा. तू पाठवलेली यादी चष्मा लावून वाचली. आकार काही डोळ्यासमोर येईना, म्हणून दुकानात मोटरींच्या रिवाइंडिंगला लागतो त्या लेदरॉइड (जाड इन्सुलेशन) कागदाचे दोन तुकडे कापले. सतरा इंची म्हणतात तो खरा १७.३ इंची, कर्णात मोजलेला: रुंदी ३८.३ सेंटिमीटर, उंची साडेएकवीस. अठरा इंची जवळपास तेवढाच रुंद, पण उंची २४.२. म्हणजे फरक सगळा उंचीतच. तुला गेम बनवायच्या कामात पडद्यावर खालच्या पट्ट्या उघड्या ठेवाव्या लागतात, तेव्हा अठरा इंची घे असं माझं मत. तुकडा ओट्यावर ठेवला तर आई म्हणाली, एवढा तर आपला जेवायचा पाट. हसली, पण माझ्याकडे न बघता.

नावावर जाऊ नको. आमच्या धंद्यात पाच एचपीची पाटी मारून साडेतीनची मोटर विकणारे तू पाहिलेत. इथेही तेच दिसलं. यादीतलं ते सवलतीतलं आरटीएक्स ४०६०, हे एकच नाव, पण ते ग्राफिक्स कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीचंही असू शकतं. पाटी तीच, ताकद निराळी. दुकानदाराला वॅट विचार, तो गडबडला तर कंपनीच्या पानावर बघ. आणि ५०७० साठी जास्तीचे पैसे मोजायच्या आधी हे बघ की त्यात ग्राफिक्सची मेमरी आठ जीबीच आहे, ५०६० इतकीच. बारा हवी तर ५०७० टीआय. अठरा इंचीला बहुधा पिक्सेल २५६० गुणिले १६००, तिथे आठ जीबी लवकर भरते असं ताईच्या दिराचं म्हणणं, आणि ते मला पटतं. रॅम बोर्डाला झाळलेली नको, कांडी काढता-घालता आली पाहिजे, आणि एक सोळा जीबीची असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या. पडद्याच्या रंगांचं तुला माझ्यापेक्षा कळतं.

उष्णतेचं मात्र मला कळतं. तीस वर्षं जळालेल्या मोटरी भरतोय. लोक म्हणतात पाण्याने गेली, विजेने गेली. बऱ्याच मोटरी गरमीने जातात. व्होल्टेज पडतं, मोटर अ‍ॅम्पियर जास्त ओढते, तारेवरचं वार्निश करपतं आणि रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी सोडून झोपलेल्या माणसाला सकाळी वास येतो. लॅपटॉपसोबतच्या कागदावर ३५ डिग्रीपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुकानात ४५ असतं. तू मे महिन्यात घरी येऊन त्याच्यावर खेळणार असशील तर पत्र्याखाली बसू नको. मागच्या-खालच्या जाळ्या उघड्या राहिल्या पाहिजेत. आणि तू तो गादीवर ठेवतोस! गोधडीत गुंडाळलेली मोटर कधी चालवली का मी?

बघ, पुन्हा तिथेच आलो. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तो जुना आणला तो दिवस आठवतो का? २०१८, जूनमधली उकाड्याची दुपार. जळगावहून एसटीने येताना खोकं मांडीवर, कंडक्टर म्हणाला वर ठेवा, तू ऐकलं नाहीस. तापीच्या पुलावर गाडी खड्ड्यात आपटली तेव्हा खोकं छातीशी धरलंस, डोकं खिडकीला लागलं ते चाललं. घरी आल्यावर माझी माय म्हणाली, यात टीव्ही दिसतो का रे भो? पहिल्या रात्री तूच तिला वायफाय नसताना तिचं कीर्तन लावून दिलंस, पेन ड्राइव्हवरून. त्या यंत्राने आपल्याला खूप दिलं. आता त्याचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. त्याला निरोप द्यायलाच हवा होता, मीच 'चालतोय ना' म्हणत राहिलो. म्हणजे बॅटरी फुगेपर्यंत तू वापरलास त्यात माझाही हात आहे. ते मला सुचत नव्हतं, आईने सुचवलं, भांडी घासता घासता.

तू सात वर्षांचा असताना दुकानात पायरीवर बसून तारेचे वेढे मोजायचास. एका कॉइलला बासष्ट. गिऱ्हाईक बोलायला लागलं, माझी मोजणी चुकली, आणि तू मान वर न करता म्हणालास, 'आप्पा, एकेचाळीस.' ती मोटर अकरा वर्षं चालली. ताईने मागच्या महिन्यात तुम्ही बनवलेला तो खेळ शेवटपर्यंत नेला, नावांची यादी पळायला लागली तेव्हा थांबवून तुझं नाव दाखवलं. छोट्या अक्षरात होतं. मी पुन्हा दाखव म्हणालो. तिने तीनदा दाखवलं.

तेव्हा खेळणं वगैरे जे बोललो ते विसर. पैसे कमी पडले तर सांग, पाठवायचे आहेत म्हणून नाही, सांग म्हणून. नवीन आल्यावर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बहुतेक गेमिंग लॅपटॉपात असते ती लाव. सतत शंभरावर आणि गरम, हेच बॅटरीला मारतं. अडॅप्टर विटेएवढा येईल, त्याला जाड पिशवी शिवून देते आई. गाडीत बर्थखाली टाकू नको. तीन किलोच्या वर जातो अठरा इंची, खांद्याला एकाच बाजूने लटकवू नको.

आता जुना. पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून ताई याचा फोटो काढून आत्ताच पाठवते आहे. वाचून झालं की चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर आणि बाल्कनीत फरशीवर ठेव, पडद्यापासून, कपड्यांपासून लांब. उद्या सर्व्हिस सेंटरला ने. कचऱ्यात टाकायचा नाही. फाइल काढायच्या राहिल्या असतील तर राहू दे, आत डिस्क आहे ती, पळून जात नाही.

फरशीवर ठेवलास की मिस कॉल दे, कितीही वाजले असले तरी. मी दुकानातच आहे, जागा.

तुझा,
आप्पा