फ्रेम घेण्याआधी: मित्रास पत्र

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. बीएमएक्स शर्यतीसाठी, म्हणजे उंचवट्यांच्या ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींच्या शर्यतीसाठी, दोन फ्रेम तुझ्या मनात आहेत, एक दोन हंगाम वापरलेली अ‍ॅल्युमिनियमची आणि दुसरी कोरी करकरीत कार्बनची. दोन्हींवर ‘प्रो एक्सएल’ असेच छापलेले आहे, तेव्हा हलकी तीच घ्यावी का, असे तू विचारतोस. ज्या दोन गोष्टींवरून तू निवड करू पाहतोस, ती छापील अक्षरे आणि ते वजन, त्यांवर माझा भरवसा सर्वांत कमी आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

‘प्रो’ म्हणजे साधारण २०.५ इंचांची आणि ‘प्रो एक्सएल’ म्हणजे २१ इंचांच्या आसपासची टॉप ट्यूब, म्हणजे फ्रेमची वरची आडवी नळी, असा ढोबळ संकेत आहे. पण तो संकेतच आहे, नियम नव्हे, आणि प्रत्येक निर्माता त्यात आपापल्या मताप्रमाणे थोडेफार इकडेतिकडे करतो. शिवाय टॉप ट्यूबचे माप हे मुळात बसणाऱ्याचे माप आहे, कारण ते सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर सांगते. आपल्या शर्यतीत गेट पडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत सीटवर बसतो कोण? आपण पेडलवर उभे असतो, म्हणून पाय आणि हात यांच्यातील आडवे अंतर, ज्याला रीच म्हणतात, तेच पाहायला हवे. सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, एका अंशाने जास्त कललेली असेल, तर टॉप ट्यूबचा आकडा तोच राहूनही रीच सुमारे ८ मिलिमीटरने कमी होतो, आणि हा फरक छापील अक्षरांत कुठेच दिसत नाही.

वापरलेली फ्रेम सध्या चाकांवर उभी आहे, तेव्हा तिचे रीच मोजणे अवघड नाही. सायकल सपाट जमिनीवर सरळ उभी कर, गवंडी वापरतात तसला ओळंबा हेड ट्यूबच्या (हँडलचा दांडा फिरतो त्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापासून सोडून जमिनीवर खडूची खूण कर, तसाच बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) मध्यापासून सोड, आणि दोन खुणांमधील अंतर सायकलच्या लांबीच्या दिशेने मोज. नव्या फ्रेमसाठी निर्मात्याचा तक्ता पुरेसा आहे. मग हे दोन आकडे तुझ्या सध्याच्या सायकलच्या रीचशेजारी ठेव. हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, कारण केवळ अक्षरांवर विसंबून मी एकदा माझ्या हातांना झेपणार नाही इतकी लांब फ्रेम घेतली होती आणि अख्खा हंगाम माझी सुरुवातच चुकते आहे असे समजून सरावात घाम गाळत बसलो होतो. हात आधीच ताणलेले असल्यामुळे पंप करताना, म्हणजे उंचवट्यांवर वेग मिळवायला, सायकल खाली दाबायला कोपरात वाकच उरत नसे. हँडल धरून ठेवणारा स्टेम आखूड करून पाहिला, पण त्याने सायकल हातात चंचल झाली, एवढेच.

रीचनंतर चेनस्टे पाहा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी. मागचा भाग आखूड असला की पुढचे चाक उचलून मॅन्युअल करणे, म्हणजे मागच्या चाकावर तोल सांभाळत जाणे, सोपे जाते, पण गेटवरून पूर्ण ताकदीने पहिला पाय मारताना तेच चाक नको तेव्हा वर येते. लांब असला की पहिल्या सरळ पट्ट्यात सायकल स्थिर राहते, पण उचलायला जड वाटते. मात्र एक्सल (चाकाचा आस) ड्रॉपआउटच्या, म्हणजे तो फ्रेममध्ये जिथे अडकतो त्या टोकाच्या, खाचेत पुढेमागे सरकतो, म्हणून हे माप तुझ्या गिअरवर एक्सल जिथे बसेल तिथूनच घ्यायचे. मागच्या कॉगचा (दातेरी चक्राचा) एक दात वाढवला तर एक्सल सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकतो आणि साखळीत हाफ लिंक (अर्धी कडी) घातली तर सुमारे ६ मिलिमीटर मागे जातो. एवढी हालचाल सामावून घेणारी खाच दोन्ही फ्रेमना आहे का, ते पाहून घे.

आता खरा कळीचा मुद्दा, म्हणजे वापरलेल्या फ्रेमची प्रकृती. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, प्रत्येक उडी कुठेतरी जमा होत राहते. म्हणून फ्रेम स्वच्छ पुसून, बॅटरीच्या तिरप्या उजेडात डाउन ट्यूब (फ्रेमची खालची तिरपी नळी) हेड ट्यूबला मिळते त्या वेल्डिंगची खालची बाजू, बॉटम ब्रॅकेटपाशी चेनस्टेचे सांधे, ड्रॉपआउट आणि सीट क्लॅम्पची चीर यांवरून कापसाचा बोळा हळूच फिरव. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे थांबून नीट पाहा. तडा केवळ रंगाला गेला आहे की धातूला, याचा निकाल लागेपर्यंत पैसे देऊ नकोस.

त्यानंतर चाक काढून एका ड्रॉपआउटला दोरा बांध, तो हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांध, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोज. मिलिमीटरभराचा फरक मी सोडून देईन. तीन-चार मिलिमीटर निघाले तर फ्रेम वाकलेली आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम जोर लावून सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

तुझ्या तिसऱ्या छायाचित्रात डाव्या ड्रॉपआउटजवळची वेल्डिंग उजवीपेक्षा जाड आणि ओबडधोबड दिसते, आणि मालकानेही ती ‘पक्की करून घेतली’ असे सांगितल्याचे तू लिहितोस. मला हेच सर्वाधिक खटकले. ती फ्रेम ६०६१ मिश्रधातूची आहे. अशा फ्रेमला वेल्डिंग झाल्यावर भट्टीत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा मंद आचेवर ठेवून ताकद आणलेली असते. नंतर कुणी नुसती वेल्डिंग केली तर त्या जागेची ती ताकद निघून जाते, आणि जोड वरून कितीही भरदार दिसला तरी शेजारचा धातू मऊ राहतो.

कार्बनच्या फ्रेमबाबत दोन शब्द पुरेत. ती कोरी आहे, त्यामुळे तिची तपासणी थोडकी, पण तुझे सामान तिला बसेल का, हे आधी पाहा. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी ११० मिलिमीटर दोन्हीकडे सारखीच असेल, पण तुझ्या चाकाचा एक्सल १० मिलिमीटरचा आहे आणि ती फ्रेम २० मिलिमीटरच्या थ्रू एक्सलसाठी (आरपार जाणाऱ्या आसासाठी) केलेली दिसते. तिला डिस्क ब्रेकची जागा आहे, व्ही ब्रेकची नाही, आणि तुझ्या हबवर डिस्क लावायची सोयच नाही. म्हणजे फ्रेमच्या जोडीला चाक आणि ब्रेकही आलेच.

वजनाचे म्हणशील, तर दोन फ्रेममधील फरक फार तर ४०० ग्रॅम असेल. तू आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हा अर्धा टक्का झाला. त्यापेक्षा जास्त पाणी तू शर्यतीआधी पितोस.

वापरलेली फ्रेम मला तरी घ्यावीशी वाटत नाही. कार्बनची घ्यायची की नाही, ते रीचचा आकडा आल्यावर ठरवू. तक्त्यातील रीच, चेनस्टे आणि ड्रॉपआउटच्या खाचेची लांबी, आणि तुझ्या सध्याच्या सायकलचे ओळंब्याने मोजलेले रीच, एवढे चार आकडे मला कळव. तोवर दोघांनाही होकार देऊ नकोस.

तुझा,
सुधीर