काकू, थँक्यू, त्या एका प्रश्नासाठी

काकू, समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणून उडवून लावता, म्हणून इथेच लिहितेय, रागावू नका.

बाकीच्यांना सांगते, इंदूरला रामबागेत आमच्या शेजारी राहतात या काकू, अख्खी नोकरी बँकेत काढलेली. आणि माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट फिकट सुपरनोव्हांवर, म्हणजे मोठा तारा मरताना फुटतो खरा पण फुसका बार निघतो. नेहमीच्या स्फोटात फेकलेल्या मालाची एनर्जी एकावर ५१ शून्यं इतके अर्ग (अर्ग म्हणजे एनर्जीचं अगदी छोटं माप), आमच्यात त्याला एक 'फो' म्हणतात, आणि या फिकट मंडळींत ती पार दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरते.

मी सूर्याच्या २५ पट जड ताऱ्याचं मॉडेल घेतलं, गाभ्याजवळ ०.३ फो ओतले, रन लावला, तर स्फोट कसला, वरचं हायड्रोजनचं कवच जेमतेम हललं आणि आतला माल सगळा परत आत. पंधरा दिवस कोडमधे चूक शोधतेय, रडकुंडीला आलेले, तेवढ्यात काकू जिरावण घातलेल्या पोह्यांचा डबा घेऊन आल्या, स्क्रीनवरचे कॉलम बघितले आणि म्हणाल्या, "जमा केलेस ते दिसतंय गं, पण ओपनिंग बॅलन्स किती होता?"

तिथेच ट्यूब पेटली. तारा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेला, म्हणजे खातं आधीच मायनसमध्ये, आणि एवढ्या जड ताऱ्यात ते मायनस एक फोच्या घरात जातं! माझे ०.३ उधारी फेडण्यातच संपले. आता उधारी धरून वर ०.३ उरतील एवढं ओतते, तर फुटतो. तरी आतला बराच माल परत पडतोच आणि निकेल-५६ (स्फोटात तयार होणारं किरणोत्सारी निकेल) पण सोबत नेतो, आणि त्या निकेलचा जो कोबाल्ट होतो (अर्धायुष्य ७७ दिवस) त्याच्यावरच तर शेवटचा उजेड चालतो, म्हणून तो इतका मंद.

१९९७डी नावाच्या फिकट सुपरनोव्हाबद्दल काहींनी हेच म्हटलं होतं, की तारा जड आणि माल परत आत पडला, काहींनी म्हटलं नाही, तारा मुळात हलका होता, त्याची उधारीच किरकोळ. खरं सांगू, मला हलकाच पटतो, कारण २००५सीएस या तशाच फिकट सुपरनोव्हाचा तारा हबल दुर्बिणीच्या जुन्या फोटोंत सापडला तो सूर्याच्या आठ-नऊ पटच जड निघाला. म्हणजे आता नऊचं मॉडेल पण चालवायचंय, अजून एक खातं.

काकू, डबा माझ्याकडेच आहे. रिकामा द्यायचा नाही म्हणून आई ओरडतेय, रविवारी काय भरून आणू ते सांगा.