घरगुती अतिनील दिव्याची माहितीपुस्तिका आणि टायमर यांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ३८ वॅटच्या अतिनील निर्जंतुकीकरण दिव्यासोबतची चुकीची माहिती व टायमरमधील दोष

महोदय,

आपल्या कंपनीचा टेबलावर ठेवायचा ३८ वॅटचा अतिनील दिवा खरेदी केला आहे. नळी कमी दाबाच्या पाऱ्याची, २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंतुनाशक किरण देणारी आहे, म्हणजे मूळ वस्तू कामाची आहे. तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल आणि टायमरबद्दल. पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम दिवा वापरला तर खोली निर्जंतुक होईलच असे नाही, घरातल्या माणसांचे डोळे मात्र नक्की दुखावतील.

पहिल्याच पानावर पेटलेला दिवा आणि शेजारी सोफ्यावर बसलेले कुटुंब दाखवले आहे. हे चित्र कोणी मंजूर केले? २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी डोळे व त्वचेची मान्य मर्यादा ८ तासांत ६ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. या ताकदीच्या उघड्या नळीपासून १ मीटरवर ढोबळमानाने ०.१ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रता मिळते. भागाकार केला की ६० सेकंद येतात. चित्रातल्या माणसांची दिवसभराची मर्यादा एका मिनिटात संपली. त्या क्षणी कोणालाच काही जाणवत नाही, हे त्याहून वाईट. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, पाणी आणि उजेड सहन न होणे हे सगळे काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते आणि तोवर दिव्याचा संशयही कोणाला येत नाही. पान ४ वर तर हात दिव्यासमोर धरून ‘जंतुमुक्त’ करायला सांगितले आहे. हातांवर अतिनील दिवे वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच स्पष्ट सांगितले आहे. हातांसाठी साबण आहे.

आता ‘१५ मिनिटांत संपूर्ण खोली ९९.९ टक्के जंतुमुक्त’ या दाव्याकडे येतो. जंतू नुसत्या मिनिटांनी मरत नाहीत, मात्रेने मरतात. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. वरचाच आकडा धरला तर १ मीटरवर, किरणांना समोरासमोर असलेल्या पृष्ठभागाला १५ मिनिटांत ९० मिलिज्यूल मिळतात. बऱ्याच जिवाणूंना तेवढे भरपूर आहे. अंतर ३ मीटर झाले की तीव्रता साधारण एक नवमांश उरते, म्हणजे १० मिलिज्यूल. त्यात दिवा जमिनीवर ठेवलेला आणि नळीचा मध्य ४० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर ३ मीटरवरच्या फरशीवर किरण इतके तिरपे पडतात की हाती सव्वा-दीड मिलिज्यूलसुद्धा मुश्किलीने लागते. पलंगाखाली, कपाटामागे, खुर्चीच्या पाठीच्या सावलीत जवळजवळ शून्य. रंगवलेल्या भिंती हे किरण बहुतांशी शोषून घेतात, त्यामुळे परावर्तनाचा आधार नाही. ‘समोर आरसा ठेवा’ ही पान ६ वरची सूचना तर काढूनच टाका. साधी काच २५४ नॅनोमीटर अडवते, म्हणून काचेमागचा चकाकता थर इथे निरुपयोगी ठरतो.

शिवाय सगळे जंतू एका मापाचे नसतात. ई. कोलायसारख्या जिवाणूचे ९० टक्के मारायला काही मिलिज्यूल पुरतात, काळ्या बुरशीच्या बीजाणूंना शंभराच्या वर लागतात. ९० वरून ९९.९ टक्क्यांवर जायचे तर मात्रा ढोबळमानाने तिप्पट लागते. म्हणून भिंतीवरची बुरशी आणि गादीतले किडे यांसाठी दिलेल्या सूचना मागे घ्याव्यात. गादीच्या आत किरण शिरतच नाहीत. धुळीचा किंवा तेलकट थर असेल तिथेही जंतू थराआड सुरक्षित राहतात. आधी पुसून घ्या आणि मग दिवा लावा, हे एक वाक्य पुस्तिकेत कुठेच नाही.

टायमरचा दोष सर्वांत गंभीर आहे. बटण दाबल्यापासून दिवा पेटेपर्यंत फक्त १० सेकंद मिळतात. मुलाला किंवा मांजराला उचलून बाहेर जाऊन दार लावायला ते अपुरे आहेत. किमान ३० हवेत. वीज जाऊन परत आली की दिवा कोणतीही पूर्वसूचना न देता लगेच पेटतो. दरम्यान खोलीत कोणी गेलेले असू शकते. वीज परतल्यावर दिवा बंदच राहिला पाहिजे. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर विसंबायचे म्हटले, तर तो निश्चल झोपलेल्या माणसाला किंवा कपाटाआडच्या मुलाला ओळखत नाही. तो जादा आधार आहे, मुख्य सुरक्षा नव्हे. रिमोट भिंतीपलीकडूनही चालतो, म्हणजे खोलीत कोण आहे हे न पाहता दिवा लावता येतो. तो दाराशी बसवायच्या स्विचसोबतच चालेल असे करा.

खोक्यावर ‘ओझोनमुक्त’ छापले आहे आणि पुस्तिका म्हणते की वास आला म्हणजे निर्जंतुकीकरण झाले. दोन्ही एकदम खरे कसे? साध्या क्वार्ट्‌झच्या (अतिनील किरण आरपार जाऊ देणाऱ्या काचेच्या) नळीतून १८५ नॅनोमीटरचे किरणही बाहेर पडतात आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून उग्र वासाचा ओझोन वायू बनवतात; टायटॅनियम मिसळलेला क्वार्ट्‌झ ते अडवतो. ओझोन नसतानाही धूळ आणि कापड यांवर किरण पडून थोडा वास येऊ शकतो, हे मान्य. पण त्यासाठी नळीचा प्रकार कळवा. दिवा बंद झाल्यावर खिडक्या उघडून खोली हवेशीर करायची सूचनाही हवी.

देखभालीचे पान अर्ध्या ओळीचे आहे: ‘ओल्या फडक्याने पुसा’. नळी थंड झाल्यावर, प्लग काढून, हातमोजे घालून, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायची असते. बोटांचा तेलकट ठसा काचेवर राहिला तर तिथून किरण कमी बाहेर पडतात. ‘निळा उजेड दिसतो तोवर नळी चांगली’ हेही चूक. तो निळा उजेड पाऱ्याचा दृश्य प्रकाश आहे, जंतुनाशक किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते आधी घटतात. नळीचे आयुष्य ९,००० तास लिहिले आहे. रोज १५ मिनिटांच्या हिशेबाने ते कागदावर ९८ वर्षे भरते! प्रत्यक्षात प्रत्येक सुरुवातीला तंतू झिजतो, म्हणून किती वेळा पेटवता येईल तो आकडा द्या. नळी फुटली तर काय करायचे, यावर अवाक्षर नाही. खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे, व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नये, तुकडे जाड पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने गोळा करून झाकणबंद डब्यात घालावेत, आणि डबा पाऱ्याच्या कचऱ्यासाठीच द्यावा.

मागण्या: १ मीटरवर मोजलेली तीव्रता आणि १८५ नॅनोमीटरबद्दलचा खुलासा लेखी द्यावा. टायमरचा भाग विनामूल्य बदलून द्यावा, ते जमत नसेल तर दिवा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पहिल्या आणि चौथ्या पानावरची चित्रे असलेल्या पुस्तिका विक्रीतून काढाव्यात आणि ज्यांनी दिवा आधीच घेतला आहे त्यांना सुधारित सूचना पाठवाव्यात. दिवा सध्या प्लग काढून, नळी झाकून ठेवला आहे. तपासणीसाठी आपला माणूस पाठवल्यास दाखवता येईल.

आपला,
एक ग्राहक