पक्षी माझे, पानिपत तुझं

२५ जानेवारी

प्रिय बंड्या,

गुडघा कसा आहे? परवा वहिनींशी बोलणं झालं. म्हणाल्या, पाय हलत नाही, तोंड मात्र पूर्ववत चालू आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही. पैसे भरून झाल्यावर, ऐन निघायच्या आठवड्यात तू पाय घसरून पडलास हे मी माफ केलं, कारण तुझ्या खिडकीजवळच्या सीटवर माझा थर्मास, कॅमेरा आणि सॅक आठवडाभर ऐसपैस बसून होते. पण आपला करार ठरला होता ना, की सकाळी तू माझ्याबरोबर पक्षी बघायचे आणि दुपारी मी तुझ्याबरोबर दगड बघायचे? तू नसल्यामुळे दगडही एकट्यालाच बघावे लागले. आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडले. आता बोलायला तू समोर नाहीस, म्हणून हे लांबलचक पत्र. पाय वर करून वाच.

भरतपूरला १३ तारखेला रात्री पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी केवलादेव पक्षी-उद्यानाच्या फाटकाशी उभे राहिलो तेव्हा समोरच्या माणसाचं फक्त मफलर दिसत होतं, इतकं धुकं. आत गाड्या नेत नाहीत, रिक्षातून फिरायचं. आमचा रिक्षावाला म्हणजे पन्नाशीचे एक सरदारजी. तिकडे बरेच रिक्षावाले शीख आहेत आणि पक्षी दाखवण्यात भले भले त्यांच्यापुढे हात टेकतात. आमच्या गटाबरोबर एक पदवीधर गाइडही होता, गळ्यात महागडी दुर्बीण लटकवलेला. पण दुसऱ्या तासापासून सगळे सरदारजींच्या बोटाकडे बघायला लागले आणि तो बिचारा मागच्या रिक्षात जाऊन बसला.

एकच किस्सा सांगतो. बाभळीखाली वाळलेल्या पानांचा पसारा होता. सरदारजी म्हणाले, रातवा बसलाय. मी बघतोय. काहीच नाही. "त्या वाकड्या काटकीपासून हातभर डावीकडे." काहीच नाही. पाच मिनिटं गेली. मागच्या रिक्षातली एक मुलगी "दिसला, दिसला" म्हणाली तेव्हा तर मला वैताग आला. मग त्या पानांतल्या एका पानाने डोळा किलकिला केला. तिथून पुढे मला दुसरं काही दिसेचना! तपकिरी, राखाडी, मध्येच बदामी, पिसांवर अगदी पानाच्या शिरांसारख्या रेघा. आमच्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर बसला होता आणि त्याची खात्री होती की आपण दिसत नाही. पाच मिनिटं तरी ती खात्री बरोबरच होती.

धुकं वितळलं तसं पाणी दिसायला लागलं आणि पाण्यावर काळे ठिपके. शेकडो वारकरी. कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या त्या काळ्या पाणपक्ष्याला हे नाव देणाऱ्या माणसाला मी मनोमन दंडवत घातला. थापटे, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, बाभळींवर चित्रबलाकांची मोठी झालेली पोरं अजून आईबापांच्या नावाने केकाटत होती. सर्पपक्ष्याला मासा मारताना पाहिलं. पाण्याबाहेर फक्त सापासारखी मान. बुडी मारली आणि वर आला तो चोचीत मासा भोसकलेला. आता भोसकलेला मासा गिळणार कसा? त्याने मान झटकून मासा हवेत उडवला आणि डोक्याच्या बाजूने बरोबर घशात घेतला. दुपारी ऊन पडल्यावर साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी एक अजगर येऊन पडला, अंग शेकत. त्याला बघून तुझी आठवण झाली. रागावू नकोस.

आता तुझ्या विषयाकडे येतो. मला इतकी वर्षं वाटायचं की केवलादेव म्हणजे निसर्गाने आपसूक केलेली दलदल. तसं नाही. मुळात ती खोलगट जमीन, पण तिथे पाणी धरलं ते भरतपूरच्या राजाने, सूरजमल जाटाने. १८व्या शतकात त्याने अजान बांध घातला, गंभीर आणि बाणगंगेचं पाणी अडवलं, त्यातून हे सगळं उभं राहिलं. मातीचा बांध, बरं का. आणि गावातला लोहगड? त्याचाही बाहेरचा तट मातीचाच. तोफेचा गोळा आला की मातीत रुतून बसायचा, भिंत फुटायची नाही. यशवंतराव होळकर आत आश्रयाला असताना १८०५च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने चार वेळा हल्ला चढवला, तीन हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली आणि चारही वेळा तो हात हलवत परत गेला. हे तुला पाठ असणार. पण त्या खंदकाच्या काठावर उभं राहून, सकाळी पाहिलेल्या बांधाची माती आठवत, हे ऐकायला वेगळं वाटतं. मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि गटातले लोक चहाला ओरडत होते.

आणि तारीख बघ. केवलादेवला आम्ही पहिल्यांदा आत गेलो ती १४ जानेवारी. मला हे दुपारी लक्षात आलं, जेवताना कुणीतरी तिळगुळाची पुडी पुढे केली तेव्हा. अंगात दोन स्वेटर, वर जॅकेट, कानटोपी, तरी सकाळी माझे दात वाजत होते. १७६१ साली याच दिवसांत पानिपतातून वाचलेली आपली माणसं इकडे येत होती. अंगावर धड कपडे नाहीत, पोटात अन्न नाही, कित्येक जखमी. आणि ज्या सूरजमलाचं भाऊंशी पटलं नाही म्हणून तो लढाईआधीच निघून गेला होता, त्यानेच आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, ठेवून घेतलं. तू हे मला किमान दहा वेळा सांगितलं आहेस. दहाही वेळा मी "हो का" म्हणालो. बंड्या, ते दहाही "हो का" मी परत घेतो. ती थंडी अंगावर घेतल्याशिवाय मला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डीगला गेलो. तासाभराचा रस्ता. तिथला गोपाळ भवन महाल तलावाला लागून आहे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. कारंज्यांची करामत बघण्यासारखी आहे. उंचावरच्या हौदाला शेकडो भोकं, प्रत्येक भोकाची वेगळी नळी, ती भोकं चिंध्यांनी बुजवायची. रंगीत पाणी हवं तर भोकात रंगाची पुरचुंडी ठेवायची. सणावारी अजूनही चालवतात म्हणे, आमच्या नशिबी कोरडी. आमच्या पदवीधर गाइडने कारंज्यांवर वीस मिनिटं घेतली. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर पानिपतावरून जखमी होऊन इथपर्यंत पोचला आणि इथेच गेला, अवघा २७ वर्षांचा, हे मात्र त्याच्या यादीत नव्हतं. मी सांगितलं. (तू शिकवलेलं कधीतरी कामी आलं.) सगळे गप्प झाले. मग एकाने विचारलं, म्हणजे सिनेमातली मस्तानी खरी होती का?

केवलादेवमध्ये देवळाजवळ दगडी पाट्या लावल्या आहेत. त्यांच्यासमोर मी दोनदा गेलो. त्यांवर शिकारीच्या नोंदी कोरल्यात: तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती मारले. सुरुवात १९०२ची, कर्झन साहेबापासून. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसात! मी आठवडाभरात सगळ्या जातींचे मिळून किती पक्षी पाहिले असतील याचा हिशेब मनात घातला आणि सोडून दिला. सरदारजी त्या पाट्यांकडे बघतही नव्हते. ते म्हणाले, लहानपणी मी इथे सायबेरियन क्रौंच पाहिलेत, ते सांगा लोकांना. १९६०च्या दशकात २००च्या आसपास यायचे. कमी कमी होत शेवटची जोडी २००१-०२च्या हिवाळ्यात आली, त्यानंतर कुणीच नाही. वाटेत, अफगाणिस्तानकडे, शिकार व्हायची हे एक कारण सांगतात. लिनलिथगोच्या आकड्यापेक्षा ही दोनवर येऊन थांबलेली मोजणी मला जास्त लागली.

अजून एक गंमत, किंवा गंमत म्हणू नये. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली आत गुरं चारायला बंदी केली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) अभ्यासात काय निघालं? म्हशी नव्हत्या म्हणून पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हशी हाकलल्या त्यांनाच म्हशी हव्या होत्या. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे उदाहरण वापरणार आहे, कशासाठी ते तुला कळलं असेलच.

शुक्रवारी आग्र्याकडे निघालो. वाटेत फत्तेपूर सिक्री. खरं सांगू? माझा जीव तिथे रमला नाही. फार देखणं, फार धुतलेलं. १५७१ला बांधायला घेतलं, १५८५ला अकबर लाहोरकडे गेला आणि राजधानीही उठली. पाणी आटलं म्हणून सोडलं असं सगळे सांगतात, पण वायव्येकडच्या मोहिमा हे कारण मला जास्त पटतं. तू काय म्हणतोस? बुलंद दरवाजाच्या कमानीत मात्र माना मोडेपर्यंत बघत राहिलो, कारण वर आग्या मोहोळं लटकत होती, एकेक परातीएवढं. अकबराने गुजरातच्या विजयासाठी उभारलेला दरवाजा आता मधमाश्यांच्या ताब्यात आहे आणि खाली गाइड हलक्या आवाजात बोलतात.

आणि आता आयोजकांचा पराक्रम ऐक. छापील कार्यक्रमात ताजमहाल शुक्रवारी! शुक्रवारी ताज बंद असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. बसमध्ये जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करत नाही. पुण्याच्या एका काकूंनी पैसे परत मागितले, नाशिकच्या दोघांनी त्यांना साथ दिली, मी दोन्हीकडून मान हलवली. शेवटी आम्हाला यमुनेपलीकडे मेहताब बागेत नेलं. काळा ताज इथेच बांधायचा होता अशी दंतकथा आहे ना, ती जागा. उत्खननात तिथे बाग आणि हौदच निघाला.

बंड्या, गर्दी नव्हती. समोर नदी, पलीकडे धुरकट पांढरा ताज, त्याची पाठ आमच्याकडे. आणि अलीकडच्या वाळूवर चक्रवाकांची जोडी. नारिंगी, अगदी शांत. संस्कृतच्या तासाला शिकलेलं आठवलं का? दिवसभर बरोबर आणि रात्री नदीच्या दोन तीरांवर, एकमेकांना हाका मारत. डावीकडे... चुकलो, ताजकडे तोंड केलं की उजवीकडे, लांब किल्ला. तिथे शाहजहान आठ वर्षं कैदेत बसून हेच थडगं बघत होता. काकूंनी माझ्या दुर्बिणीतून ताज पाहिला, चक्रवाक पाहिले आणि पैशांचं पुन्हा काढलं नाही.

किल्ल्यात दुसऱ्या दिवशी गेलो. दिवाण-ए-खासपाशी किती वेळ काढला हे तुला सांगायला नको. एक गोष्ट मात्र मला नव्याने उमगली: शाहजहान जानेवारी १६६६मध्ये गेला म्हणून औरंगजेबाचा दरबार त्या मे महिन्यात आग्र्याला भरला. बाप जिवंत असता तर महाराजांची भेट कुठे झाली असती कोण जाणे. तटाच्या भोकाभोकांत पोपट होते. बाहेर महाराजांच्या पुतळ्यापाशी आमच्या अख्ख्या बसने घोषणा दिल्या, गाइड दचकला.

शेवटचा दिवस चंबळ. तुझ्या पुस्तकांत मराठी फौजा सारख्या चंबळ उतरत असतात, जशी काही मुठा उतरावी. एकदा ते बीहड बघ. चिकणमातीचे उभे कडे, त्यांत घळी, घळींना फाटे. तोफा आणि बैल घेऊन ही माणसं कुठून उतरली असतील, नावेत बसून मी तेच बघत होतो. पाणी स्वच्छ. वाळूवर घडियाल उन्हात पडलेले, नराच्या लांबट तोंडाच्या टोकाला मडकं पालथं घातल्यासारखी गाठ. पाणचिरे वाळूवर बसले होते, खालची चोच वरचीपेक्षा लांब. नावाप्रमाणे पाणी चिरत उडतील म्हणून तासभर थांबलो. बसून राहिले. एकदा मात्र नावेच्या पुढे पाण्यातून करडी पाठ वर आली, श्वास टाकल्याचा आवाज झाला आणि गेली. गांगेय डॉल्फिन. कॅमेरा सॅकमध्ये, सॅक तुझ्या सीटवर.

तर असं. जातींची यादी १४२वर थांबली, वही घरी आलास की दाखवतो. सरदारजींनी सांगितलंय की पाऊस चांगला झाला की ऑगस्टनंतर या, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी बघायला. तोवर तुझा पाय सरळ व्हायला हवा. रिक्षातून फिरायचं असतं, चालणं बेताचंच, हे डॉक्टरांना सांग. डीगला एक अख्खा दिवस ठेवू. शुक्रवारी आग्रा नाही, हे मी स्वतः बघेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. सोबत एक फोटो पाठवतोय. त्यात रातवा आहे. पाच मिनिटांत सापडला तर फोन कर.