माझ्या वतीने कोण बोलणार?

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, हे विषय आत्ता कशाला?" माझं डोकं जागेवर आहे, म्हणूनच आत्ता. मी लिव्हिंग विल करते आहे, म्हणजे मला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत बरीच सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

माझ्या पिढीतल्या नर्सेसच्या मनातून अरुणा शानभाग कधी गेली नाही. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएममध्ये तिच्यावर हल्ला झाला. गळा साखळीने आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तेव्हा ती पंचविशीची होती, आणि 18 मे 2015 ला न्यूमोनियाने गेली ती त्याच इस्पितळात. पत्रकार पिंकी विराणींनी तिचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली होती, ती 2011 मध्ये न्यायालयाने नाकारली. ती स्वतःचा श्वास घेत होती, कुस्करलेलं अन्न तोंडाने खात होती, आणि तिला भरवणाऱ्या सिस्टर तिला सोडायला तयार नव्हत्या. निकाल योग्यच होता असं मला वाटतं. पण विराणींनाही मी निष्ठुर म्हणणार नाही. दोन्हीकडे माया होती. नव्हता तो फक्त अरुणाचा शब्द, कारण पंचविशीतल्या मुलीला असलं कोण विचारतं? माझ्या बाबतीत तुम्हाला तो शब्द हवा, म्हणून हा खटाटोप.

आता नीट वाच. ब्रेन डेड वेगळं, कोमा वेगळा. ब्रेन डेड म्हणजे मृत्यूच, तिथे प्रश्नच उरत नाही. अवयव देऊन टाका. अवघड आहे ते मधलं. डोळे उघडे, झोप-जाग आहे, पण समोरच्याची ओळख आहे की नाही, कळत नाही. तिथे घाई करायची नाही. 2006 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशाच एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून "टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर" असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा नेमका तोच भाग जागा झाला. 2024 मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांचा मिळून एक अभ्यास आला. हाक मारून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 जणांपैकी 60 जण मेंदूतून सूचना पाळत होते. म्हणजे चौघांत एक! खाटेशी उभं राहून "हिला काही कळत नाही" असं म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

म्हणून पहिल्या आठवड्यात कोणी "आता काही उरलं नाही" म्हणालं तर ऐकू नकोस. डोक्याला मार असेल तर वर्षभर थांबा. हृदय बंद पडून मेंदू गेला असेल तर तीन महिने. पुन्हा पुन्हा तपासायला सांगा. माझ्याशी बोलत राहा, गाणी लावा.

त्यानंतरही काही नसेल, तर मात्र थांबायचं. व्हेंटिलेटर काढा, नवा न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक नको, आणि नाकातली नळीही काढा. नळीचं ऐकून तुला धक्का बसेल. आपल्याकडे उपाशी ठेवणं पाप. पण जिला भूकही कळत नाही, तिच्या पोटात नळीने ढकललेलं दूध हा उपचार आहे, घास नव्हे. मी गिळू शकत असेन तर मात्र चमच्याने भरवणं सोडू नका. आणि वेदना, धाप यांची औषधं शेवटपर्यंत हवीत.

नोकरीत मी दुसराच प्रकार फार पाहिला. पैसे संपले की नातेवाईक "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो" अशी सही करत आणि रिक्षात बसवून नेत. धाप लागलेल्या माणसाला ना ऑक्सिजन, ना मॉर्फिन. उपचार थांबवायचे असतील तर ते इस्पितळातच, डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने. कायद्यात तशी सोय आहे. दुसऱ्या मंडळात बाहेरचा डॉक्टर असतो, त्यामुळे सगळा भार तुमच्यावर येत नाही.

माझ्या वतीने बोलायला तुझं आणि ताईचं, दोघांचं नाव घालते आहे. दोघांचं एकमत होईपर्यंत उपचार चालू राहू देत, मी तितकी कळ सोसेन. भाऊ-बहिणीने पुढे एकमेकांना दोष देत जगावं, हे मला मुळीच नको.

मसुदा मेलवर पाठवला आहे. नळीचं कलम ताईला अजून पटलेलं नाही. तू वाच, आणि रविवारी तिच्याशी बोल.

तुझी,
आई